तुरळक ठिकाणी खरं

ज्योतिषाचं भविष्य चुकलं तर आपण आपल्या पत्रिकेला दोष देतो आणि वेधशाळेचं चुकलं तर वेधशाळेला, हा दुजाभाव मला लहानपणापासून खुपत आलेला आहे. ज्योतिषी लिहितो, 'कुंभ : प्रवासाचे योग. वरिष्ठांशी जपून.' आता कुंभ राशीचा माणूस त्या आठवड्यात डोंबिवलीहून फोर्टात गेला, की प्रवास झाला. वरिष्ठांशी जपून राहणं तर नोकरदाराला बाराही महिने आणि बाराही राशींना लागू आहे. म्हणजे भविष्य खरं ठरलं. उलट हवामानवाला बिचारा लिहितो, 'मंगळवारी सकाळपर्यंत अमुक शहरात २४ इंच बर्फ.' झालं! गावाचं नाव दिलं, वार दिला, वेळ दिली, आकडा दिला आणि वर माप कशाने घ्यायचं तेही सांगितलं. इतकं स्पष्ट विधान केल्यावर माणूस सापडणार नाही तर काय होणार? आमच्या हेड ऑफिसने थकबाकीच्या हप्त्याबद्दल आजवर इतकं स्पष्ट विधान केलेलं नाही, आणि म्हणूनच आमचं हेड ऑफिस आजवर कधी चुकलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हा बर्फ मध्येच कुठून आला? रास्त आहे. बर्फाशी आपला मराठी माणसाचा संबंध मोजून तीन ठिकाणी येतो. पहिला गोळ्याच्या गाडीवर. दुसरा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. आणि तिसरा मनालीच्या सहलीत. तिथे आपण आधी चारशे लोकांनी घातलेला भाड्याचा कोट आणि गमबूट चढवून अर्धा तास उभे राहतो, एकमेकांना दोन गोळे मारतो, फोटो काढतो आणि 'चला, मॅगी खाऊ या' म्हणतो. एरवी आमच्या हवामानाच्या बातम्या म्हणजे 'आकाश अंशतः ढगाळ राहील, तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी.' बर्फ नाही, फार तर थंडीची लाट.

एकदा मात्र बर्फाचं ऑफिस आपल्या दाराशी आलं होतं. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलवलं, ती ही जागा. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव चौकाला चिकटून राहिलं. सिमल्याचं ऑफिस आलं, बर्फ तेवढा तिथेच राहिला. राहिला ते बरंच झालं म्हणा. तो दुपारी एक ते चारमध्ये पडला असता तर पुणेकरांनी त्याला दार उघडलं नसतं.

पण आता घरटी एक माणूस बर्फात आहे. आमचा भाचा बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला असतो, आणि त्याची आई, म्हणजे आमची ताई, पुण्यात. ताईच्या फोनवर दोन गावांचं हवामान दिसतं : वर एडिसन, खाली पुणे. स्वतःच्या गच्चीवर पापड भिजले तरी तिला पत्ता नसतो, पण 'उद्या तुमच्याकडे रात्री दहानंतर आहे हो, कोथिंबीर आणि दूध आजच आणून ठेव,' हा फोन वेळेवर जातो. अमेरिकन सरकारकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, महासंगणक आहेत. तरी आमच्या भाच्यापर्यंत इशारा पोहोचवायची शेवटची जबाबदारी ताईचीच आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये या भाच्याचा फोन आला. फार चिडला होता. "मामा, दीड फूट सांगितला होता! ऑफिस बंद, शाळा बंद, दुकानात पावाच्या लादीसाठी रांग. आणि सकाळी खोऱ्याला काय लागलं, तर चिखल! तुझ्या बँकेत चालेल का असं? अठरा सांगायचे आणि सहा द्यायचे?"

तसं चालत नाही, हे खरं आहे. आमच्याकडे संध्याकाळी दहा रुपयांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. (मला पूर्वी क्लार्क म्हणत, आता कस्टमर असोसिएट म्हणतात. फरक पूर्वीइतकाच उशिरा सापडतो.) पण फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात निराळाच भुंगा शिरला. अठरा सांगितले आणि सहा पडले, यात सांगणारा चुकला की खोटं बोलला? दोन्हींत आपण भेद करतो का? आणि समजा त्याने आपल्या भल्यासाठीच चार इंच जास्त सांगितले असतील, तर ते पुण्य की पाप? आता हे प्रश्न बँकेच्या माणसाला पडण्याचं खरं म्हणजे कारण नाही. पण बँकेत दुपारी सर्व्हर बंद पडतो, तेव्हा माणूस विचार करतोच.

आधी घडलं काय ते पाहू. २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कवर एक हिमवादळ चालून येत होतं. तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने सांगितलं, शहरात २० ते ३० इंच बर्फ पडेल. महापौरांनी शहराच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या वादळांत याची गणना होईल असं बजावलं. गव्हर्नरसाहेबांनी २६ जानेवारीच्या रात्री अकराला भुयारी रेल्वे बंद केली. बर्फासाठी ती बंद होण्याची ही इतिहासातली पहिलीच वेळ. गंमत अशी, की रूळ मोकळे राहावेत म्हणून रात्रभर रिकाम्या गाड्या फिरतच होत्या! विरार लोकलमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला रिकामी गाडी म्हणजे काय, हे नुसतं ऐकूनच गहिवरून येईल. सकाळ झाली. सेंट्रल पार्कमध्ये पट्टी लावली. ९.८ इंच. शहर हसलं, मग चिडलं. न्यू जर्सीच्या माउंट हॉली कार्यालयाचे प्रमुख गॅरी शॅटकोव्स्की यांनी तर जाहीरपणे लोकांची क्षमा मागितली. तुम्ही आमच्यावर विसंबून अवघड निर्णय घेतलेत आणि आमचं चुकलं, अशा अर्थाचं ते लिहून गेले. सरकारी माणसाने आपण होऊन क्षमा मागितल्याचं वाचून मला त्या बर्फापेक्षा जास्त गारठल्यासारखं झालं.

पण थांबा. त्याच रात्री तिथून जेमतेम पन्नास मैलांवर, लाँग आयलंडमधल्या आयस्लिपला २४.९ इंच पडला. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला ३४.५. म्हणजे वादळ आलं नाही असं नाही. आलं, वाजत गाजत आलं, फक्त जरा पलीकडच्या गल्लीतून गेलं. वरातीची वाट बघत तुम्ही गॅलरीत उभे आणि वरात मागच्या रस्त्याने गेली, तर 'लग्नच झालं नाही' असं म्हणता येईल का?

आणि हे आपल्याला कळायला न्यूयॉर्कला जायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. एकाच शहराला त्या दिवशी एकच अंदाज दिला असता, तर तो कोणताही दिला असता तरी अर्ध्या शहराने शिव्या दिल्या असत्या.

बर्फाचा अंदाज पावसाहूनही अवघड का, हे मी भाच्याला समजावून सांगण्यासाठी बरंच वाचलं. त्याला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो. थंडी कोरडी असली तर पंधरा-वीस, ओली असली तर पाचच. म्हणजे पाण्याच्या हिशेबात अर्ध्या इंचाची चूक झाली की बर्फात ती पाच इंच होऊन बसते. सावकारी व्याज म्हणतात ते हेच. पुन्हा वरून निघालेला कण खाली येईपर्यंत बर्फच राहील याचा भरवसा नाही. वाटेत एखाद-दोन अंश गरम हवेचा थर लागला की तो वितळतो, खाली पुन्हा गोठतो, आणि अंगणात फुलांऐवजी साबुदाणा पडतो. २०१७ च्या मार्चमध्ये भाच्याच्या खोऱ्याला जे लागलं ते हेच. किनाऱ्याने वर सरकणाऱ्या या वादळांची कड धोतराच्या काठासारखी रेखीव असते. काठाच्या आत दोन फूट, काठाबाहेर चिमूटभर. तो काठ न्यूयॉर्कच्या अलीकडे पडणार की पलीकडे, एवढाच प्रश्न. पण त्या काठाखाली ऐंशी लाखांहून जास्त माणसं राहतात.

एडवर्ड लॉरेंझ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिलं होतं, की सुरुवातीच्या आकड्यांत केसाएवढा फरक असला तरी पुढे जाऊन हवामानाचं गणित भलत्याच गावाला पोहोचतं. म्हणून १९९२ पासून मोठ्या केंद्रांनी एक युक्ती काढली. एकच गणित, किंचित वेगवेगळे आकडे घालून, अनेकदा सोडवायचं. युरोपियन केंद्र आज ते पन्नास वेळा सोडवतं. त्या पन्नासांतल्या पस्तिसांनी 'पडेल' म्हटलं, तर सत्तर टक्के. म्हणजे गावात पन्नास ज्योतिषी बसवायचे आणि हात वर करायला लावायचे. आपल्या ज्योतिषांना ही पद्धत परवडणार नाही, दक्षिणा वाटून घ्यावी लागेल. २०१५ साली तर युरोपचं गणित 'भरपूर' म्हणत होतं आणि अमेरिकेचं स्वतःचं गणित 'बेताचाच'. अंदाज देणाऱ्यांनी युरोपच्या बाजूने कौल दिला, कारण २०१२ च्या सँडी वादळात तेच खरं ठरलं होतं. घरच्या माणसापेक्षा बाहेरच्याचा सल्ला थोर वाटतो, हे तिकडेही आहे असं दिसतं.

आता गंमत सत्तर टक्क्यांची. सांगणारा म्हणतो, 'सत्तर टक्के.' ऐकणारा ऐकतो, 'पडणार!' सांगणारा म्हणतो, 'तीस टक्के.' ऐकणारा ऐकतो, 'छत्री नको.' आपल्या कानाला दोनच टक्के ऐकू येतात, शंभर आणि शून्य. मधले नव्व्याण्णव कानाच्या पाळीवरून ओघळून जातात. शिवाय सत्तर टक्के सांगून पडला नाही, तर सांगणारा चुकला का? अशा दहा दिवसांतले तीन दिवस कोरडे जायलाच हवेत. गेले नाहीत, दहाही दिवस पडला, तर उलट तेव्हा तो चुकला. म्हणजे या माणसाचा खरेपणा एका दिवसात तपासता येत नाही. त्याचं पासबुक वर्षभर भरू द्यावं लागतं, मग शिल्लक कळते. आणि आपण तर रोज एकेक नोंद बघून खातं बंद करायला निघतो.

बरं, मग नुसते बरोबर-चूक मोजून प्रगतिपुस्तक का देऊ नये? तेही एकदा झालं आहे. १८८४ साली अमेरिकन सैन्याच्या सिग्नल खात्यातल्या जॉन फिन्ली यांनी चक्री वादळांचे, ज्यांना टोर्नाडो म्हणतात त्यांचे, अंदाज दिले. एकूण २,८०३. मग त्यांनी जाहीर केलं, की आपले ९६.६ टक्के अंदाज बरोबर आले. उत्तमच! पण गिल्बर्ट नावाच्या एका खट गृहस्थाने वही तपासली. (हा माणूस भूगर्भशास्त्रज्ञ होता, पण वृत्तीने पक्का ऑडिटर.) त्याने दाखवलं, की फिन्लींनी 'वादळ येईल' असं शंभर वेळा म्हटलं त्यांत ते २८ वेळा आलं, ७२ वेळा आलं नाही, आणि २३ वेळा न सांगता आलं. बाकीच्या २,६८० वेळा 'येणार नाही' म्हटलं आणि आलं नाही. म्हणजे फिन्लींनी डोकं न चालवता रोज नुसतं 'येणार नाही' असं म्हटलं असतं, तर ते ९८.२ टक्के बरोबर ठरले असते!

ही गोष्ट वाचली आणि मला आमच्या ऑफिसातले कित्येक सत्पुरुष आठवले. जो फाइल पुढे सरकवतच नाही त्याच्या हातून चूक होत नाही. तो ९८.२ टक्के निर्दोष निवृत्त होतो आणि निरोप समारंभात त्याला शाल मिळते. बरोबर असणं एवढीच नीती मानली, तर जगातला सर्वांत नीतिमान माणूस म्हणजे गप्प बसलेला माणूस. पण ज्या अठ्ठावीस गावांना फिन्लींमुळे आगाऊ कळलं असेल, त्यांना विचारा बरं हा हिशेब!

तेव्हा चुकणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. माझ्याजवळ होतं तेवढं सगळं पाहून, जितकी खात्री वाटते तितकीच मी सांगितली, आणि तसं झालं नाही, तर मी चुकलो असेन. खोटं बोललो नाही. उलट, मनात साठ टक्के असताना तोंडाने शंभर म्हटलं आणि योगायोगाने बर्फ पडला, तर मी बरोबर ठरेन; पण खोटंच बोललो असेन. खरेपणा आकाशाशी जुळून ठरत नाही, आपल्याच मनाशी जुळून ठरतो. आकाशाशी जुळलं तर आनंद आहे.

इथवर सोपं आहे. खरी पंचाईत पुढे आहे. २०१७ च्या त्या वादळात, ज्यावरून भाचा चिडला होता, आदल्या दुपारी हवामानवाल्यांना दिसू लागलं होतं, की शहरातले आकडे बहुधा उतरणार. पण त्यांनी ठरवलं, की आता ऐन वेळी आकडा बदलला तर लोक गोंधळतील, 'वादळ टळलं' म्हणून बाहेर पडतील. म्हणून चढा आकडा तसाच ठेवला. सेंट्रल पार्कात ७.६ इंच पडला. न्यू जर्सीचे त्या वेळचे गव्हर्नर ख्रिस्ती तर म्हणाले, की या हवामानवाल्यांना पगार किती द्यावा याचाच विचार करायला हवा. (पगाराचा विचार निघाला की मी आपोआप हवामानवाल्यांच्या बाजूचा होतो.)

पण त्या निर्णयाचं काय? लोकांच्या भल्यासाठीच तर होता. आपल्याकडे याला फार मोठा दाखला आहे. धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचं सांगितलं, आणि तो हत्ती होता हे पुटपुटला. विधान बरोबर, पण मनातलं अर्धं ओठाआड. गोष्ट सांगते, की त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ त्या क्षणी खाली टेकला. हवामान खात्याचा रथ तसा आधीच फार वर नसतो. एवढ्यातेवढ्याने तो चाकापर्यंत रुतायचा.

तरीही मी त्यांना पटकन नावं ठेवणार नाही, कारण दुसऱ्या बाजूचा हिशेब भयंकर आहे. १९७९ च्या जानेवारीत शिकागोत प्रचंड बर्फ पडला, रस्ते साफ होईनात, आणि पुढच्याच महिन्यात महापौर बिलांडिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पडले. बर्फाने माणूस घसरून पडतो हे ठाऊक होतं, महापौरही पडतो हे तेव्हा कळलं. २०१४ च्या जानेवारीत अटलांटात अवघा २.६ इंच बर्फ पडला. इशारा होता, पण तो आधी जोरात, मग हळू, मग पहाटे पुन्हा जोरात असा दिला गेला. आणि वरच्यांनी तो मनावर घेईपर्यंत अर्धा दिवस गेला. मग शाळा, कचेऱ्या, दुकानं सगळी एकदमच सुटली. बर्फावर सगळ्या शहराच्या मोटारी एकाच वेळी आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. मुलं रात्रभर शाळांत आणि शाळेच्या बसमध्ये अडकून पडली. एका बाईने तर हमरस्त्यावर मोटारीतच मुलीला जन्म दिला. गव्हर्नर आधी म्हणाले, हे अनपेक्षित होतं. हवामानवाले म्हणाले, आम्ही सांगितलं होतं. दोन दिवसांनी गव्हर्नरांनी क्षमा मागितली. आता सांगा, खुर्चीत बसलेला माणूस काय शिकेल? विनाकारण बंद केलं तर लोक हसतात. विनाकारण चालू ठेवलं तर लोक मरतात. तो आकडा चढाच ठेवणार. आपल्या मुलाला 'रात्री आठच्या आत घरी ये' सांगताना आपणही साडेनऊच मनात धरलेले असतात.

याचं एक साधं गणितही आहे, आणि ते मला पटतं, कारण ते विम्याच्या हप्त्याचं आहे. दुकान बंद ठेवण्यात माझे हजार रुपये बुडतात आणि वादळात उघडं राहिलं तर दहा हजार. मग वादळाची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त असली, की दुकान बंद ठेवणंच शहाणपणाचं. म्हणजे जवळजवळ दहांतल्या नऊ वेळा मी बंद ठेवलेलं दुकान 'उगाचच' बंद असणार, आणि तरीही माझा निर्णय दहाही वेळा बरोबर असणार! विम्याचा हप्ता भरून वर्षभरात आपण मेलो नाही, म्हणून कुणी कंपनीकडे तक्रार करायला जात नाही.

मात्र या गणितात एक गोम आहे, आणि ती मला बँकेच्या काउंटरवर बसून दिसते. प्रत्येकाचे हजार आणि दहा हजार वेगळे असतात. शहर बंद म्हणजे आमच्यासारख्या पगारी माणसाला फुकटची सुट्टी. कांदाभजी. पण त्याच दिवशी रोजंदारीवरचा भांडी घासणारा, टॅक्सीवाला, तासावर राबणारी बाई यांचा एक दिवसाचा पगार गेला. न्यूयॉर्कला गेला, तसा लाल इशाऱ्याच्या दिवशी मुंबईलाही जातो. आमच्याकडे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशी रंगपंचमी असते. लाल दिसला की शाळा बंद, आणि नेमकं त्या दिवशी लख्ख ऊन पडलं की आपण व्हॉट्सॲपवर विनोद पाठवतो. विनोद सगळ्यांना सारखा कळतो, पण त्या उन्हाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. म्हणून 'लोकांच्या भल्यासाठी चार इंच जास्त' असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, कोणत्या लोकांच्या? ते चार इंच कुणाच्या खात्यातून वळते केलेत? आकडा वाढवणारा ते ठरवतो, पण ज्याच्या खात्यातून गेले त्याला विचारत नाही. तुम्ही मला खरी शक्यता सांगा. माझे हजार आणि माझे दहा हजार मला ठाऊक आहेत. भागाकार मी करीन. परस्पर भागाकार करून नुसतं उत्तर हातावर ठेवलंत, तर मला तपासायला काही उरतच नाही.

यावर लोक म्हणतात, सामान्य माणसाला शक्यता-बिक्यता समजत नाही, त्याला 'हो' का 'नाही' तेवढं सांगा. मला हे मान्य नाही, आणि त्याला कारण आहे.

आमचे बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "शंभरातले सत्तर पेशंट यातून बरे होतात." आई चौथी शिकलेली. ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्याकडे शंभर नाहीत हो, एकच आहे."

त्या वेळी 'काही काळजी करू नका आजी, ठणठणीत होतील' असं म्हणून पाठीवर थोपटणं किती सोपं होतं! बाहेर बसलेले आम्ही सगळे तेच ऐकायला आलो होतो. पण डॉक्टर क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. दोन्ही तयारी ठेवा." आईने रात्री बसून दोन्ही तयारी केली. एकीकडे घरी आल्यावर बाबांना लागणारी मऊ उशी उन्हात घालायला सांगितली, आणि दुसरीकडे नागपूरच्या काकांना नि आत्याला फोन करवले. ती मंडळी पहाटे पोचली. बाबा त्यांच्याशी भाकरी-पिठल्याच्या गप्पा मारूनच आत गेले. पुढे ते त्या तिसांतले निघाले. आईने नंतर कितीतरी वर्षं त्या डॉक्टरांना संक्रांतीचा तिळगूळ पाठवला. 'त्यांचं चुकलं' असं ती कधीच म्हणाली नाही. 'त्यांनी सांगितलं म्हणून भेट झाली,' एवढंच म्हणायची. चौथी शिकलेल्या बाईला शक्यता कळते. फक्त सांगणाऱ्याला तिच्या डोळ्यांत बघून सांगता यायला हवं.

'लांडगा आला रे आला'च्या गोष्टीत आपण नेहमी त्या पोराला दोष देतो. तो खोटं बोलत होता, दोष द्यावाच. पण हवामानवाला ते पोर नव्हे. त्याला झुडूप हलताना खरंच दिसलेलं असतं. तो ओरडतो, लांडगा दुसऱ्या वाडीला जातो, आणि आपण काठ्या आपटत, 'उगाच झोप मोडली' म्हणत परत येतो. आपण त्याला इतकं हसतो, की पुढच्या वेळी एक तर तो ओरडणार नाही किंवा झुडूप हललं तरी 'तीन वाघ आले' म्हणून ओरडेल. म्हणजे त्याला खोटं बोलायला आपणच शिकवतो. त्याच्याकडून खरं हवं असेल, तर चुकण्याची मुभा त्याला आपण द्यायला हवी. खरं ऐकण्याची एवढी किंमत आहे, आणि ती सांगणाऱ्याने नव्हे, ऐकणाऱ्याने द्यायची आहे. २०१५ च्या त्या फजितीनंतर अमेरिकन हवामान सेवेच्या प्रमुखांनीही हेच कबूल केलं, की आमची अनिश्चितता लोकांना आम्ही नीट सांगायला हवी होती. म्हणजे बर्फ कमी पडला यापेक्षा शंका कमी सांगितली, हा दोष मोठा.

हा धंदा ज्याने सुरू केला त्याची आठवण काढून थांबतो. रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला घेऊन जगभर फिरलेल्या 'बीगल' जहाजाचा हाच कप्तान. १८५९ साली 'रॉयल चार्टर' जहाज वादळात फुटून साडेचारशेवर माणसं गेली, तेव्हा याने ठरवलं, की पुढच्या वेळी निदान आधी सांगायचं. १८६१ पासून ब्रिटनच्या बंदरांवर वादळाच्या इशाऱ्याची निशाणं चढू लागली आणि वर्तमानपत्रात रोजचा अंदाज छापून येऊ लागला. अंदाज अर्थातच चुकत. पेपरवाले टर उडवत, विद्वान नाकं मुरडत. फिट्झरॉयने १८६५ साली स्वतःचा जीव घेतला. त्याला कारणं अनेक होती, पण ही टवाळी काही त्याच्या कामी आली नसणार. त्यानंतर विद्वानांची समिती बसली आणि १८६६ च्या अखेरीस, शास्त्राला धरून नाहीत म्हणून, इशारे बंद करण्यात आले.

मग ओरड झाली. ती विद्वानांनी केली नाही, पेपरवाल्यांनीही नाही. ओरड केली ती बंदरावरच्या लोकांनी, दर्यावर जाणाऱ्यांनी. ते म्हणाले, आमची निशाणं आम्हाला परत द्या. निशाणं चुकतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कितीतरी वेळा निशाण बघून होडी किनाऱ्याला ठेवली असेल आणि दिवसभर समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत पाहिला असेल. मासळी बुडाली ती त्यांचीच. पण त्यांना सत्तर आणि तीस यांचा अर्थ कळत होता. १८६७ साली निशाणं पुन्हा चढली.

ती पुढेही चुकतच राहिली, पण उतरवा असं पुन्हा दर्यावरच्या माणसांनी काही म्हटलं नाही.